रिकाम्या हौद्याचं वजन

लॉस एंजेलिसच्या उत्तरेला ला कन्याडा हे उपनगर जिथं संपतं, तिथून राज्य महामार्ग क्रमांक २ डोंगरात शिरतो आणि त्याचा घाट होतो. पुढचे सुमारे १०६ किलोमीटर तो सान गॅब्रिएल रांगेच्या कण्यावरून चढतो, वळतो आणि शेवटी राइटवूड मागे टाकून मोहावी वाळवंटाच्या काठाला उतरतो. एंजेलिस क्रेस्ट हायवे हे त्याचं नाव. १९२९ मध्ये सुरू झालेलं त्याचं काम १९५६ मध्ये पुरं झालं, आणि त्यात कैद्यांचेही हात राबले. खाली कडक पानांची खुरटी झुडपं, वर जेफ्री पाइनची उंच झाडं, एका हाताला कडा आणि दुसऱ्या हाताला दरी. सुट्टीच्या दिवशी सकाळी ही स्पोर्ट्स कारवाल्यांची पंढरी असते. मीही त्याच संप्रदायातला. गाडी म्हणजे नुसतं इकडून तिकडे पोचायचं साधन, हे मला कधीच पटलेलं नाही. तरीही या रस्त्याबद्दल माझं मत ऐकून माझेच वारकरी मला पाखंडी ठरवतील. हा घाट नीट वाचायचा असेल तर पोर्शे किंवा कॉर्व्हेट घरी ठेवावी आणि १९७० च्या दशकातली एखादी छोटी पिकअप काढावी. नावच घ्यायचं तर डॅटसन ६२०, तीही हौद्यात काहीही न भरता. स्पोर्ट्स कार आपल्याला आवडते ती गाडीचं वजन या क्षणी कोणत्या चाकावर बसलंय हे अंगाला कळतं म्हणून. आजच्या स्पोर्ट्स कारनं हेच ज्ञान फार सफाईनं झाकून टाकलंय. जुन्या पिकअपला ते झाकायची सोयच नाही.

पिकअप म्हटलं की आपल्याकडे डोळ्यांपुढे कांद्याच्या गोण्या, फुलांचे क्रेट, नाहीतर फाळका पाडून मागे दाटीवाटीनं बसलेलं वऱ्हाड येतं. दक्षिण कॅलिफोर्नियातही तिची ओळख कष्टकऱ्याचीच: गवत कापायचं यंत्र, शिड्या, रंगाचे डबे. तिला स्पोर्ट्स कारच्या पंगतीला बसवणं म्हणजे मुद्दाम उलटं बोलणं, असं वाटेल. पण नातं रक्ताचं आहे, आणि ते इंजिनाच्या पोटात मोजता येतं. सुरुवातीच्या ६२० मधल्या एल१६ इंजिनाच्या सिलिंडरचा व्यास ८३ मिलिमीटर आणि पिस्टनची चाल ७३.७ मिलिमीटर. असे चार सिलिंडर मिळून १५९५ सीसी होतात. जपानी स्पोर्ट्स कारला अमेरिकेत मान मिळवून देणाऱ्या डॅटसन २४०झेडच्या एल२४ इंजिनातही व्यास तोच आणि चालही तीच. फक्त सिलिंडर सहा, म्हणून २३९३ सीसी. पिकअपच्या इंजिनाला दोन सिलिंडर जोडले की झेडचं इंजिन होतं, असं म्हटलं तरी चालेल. दोघींचं वजनही एका टनाच्या आसपासचंच. दोघींना अमेरिकेत रुजवण्यात एकाच माणसाचा मोठा वाटा होता. डॅटसनचे युताका काटायामा १९६० मध्ये कॅलिफोर्नियात आले. डॅटसनच्या मोटारींना तेव्हा कोणी विचारत नव्हतं, तेव्हा छोट्या पिकअपनं धंदा तगवला. त्याच काटायामांनी पुढे झेडचा पाठपुरावा केला, आणि जपानातलं तिचं ‘फेअरलेडी’ हे नाव अमेरिकन गिऱ्हाइकाला रुचणार नाही हे ओळखून त्या जागी ‘२४०झेड’ लावलं. म्हणजे पिकअप आणि स्पोर्ट्स कार ही दोन जगं नव्हती. एकाच कंपनीचा, एकाच माणसाचा तो दोन टोकांचा विचार होता.

आता रस्त्याकडे येऊ. ला कन्याडापासून रेड बॉक्सच्या फाट्यापर्यंत घाट सतत चढतो आणि वळणं एकामागून एक येतात. त्यातलं एक वळण ५० मीटर त्रिज्येचं आहे असं समजा आणि थोडं गणित करू. चांगल्या टायरवरची आजची स्पोर्ट्स कार वळणावर गुरुत्वाकर्षणाएवढा, म्हणजे साधारण एक ‘जी’, आडवा जोर पेलते. त्या हिशेबानं हे वळण ती ताशी ८० किलोमीटरनं घेऊ शकते. जुन्या, अरुंद टायरच्या पिकअपला ०.६५ जी धरू. तिची हद्द ताशी ६४ ला येते. पण समोरून सायकलवाला येतोय की दगड पडलाय हे कड्याच्या आडून दिसत नाही, म्हणून शहाणा चालक दोन्ही गाड्यांत ५० च्याच आसपास राहतो. त्या वेगाला आडवा जोर भरतो ०.३९ जी. याचा अर्थ असा, की एकाच वळणावर, एकाच वेगात, स्पोर्ट्स कारनं आपली चाळीस टक्केही ताकद वापरलेली नसते आणि पिकअपनं साठ टक्के खर्ची घातलेली असते. चाळीस टक्क्यांवर गाडी काही बोलत नाही; टायर, स्प्रिंग, सीट सगळं निवांत. साठ टक्क्यांवर ती बोलायला लागते. सरळ रस्त्याचंही तेच. कॅलिफोर्नियात दुभाजक नसलेल्या दुपदरी रस्त्याची कमाल मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे साधारण ८८ किलोमीटर. ४९० अश्वशक्तीची, मधोमध इंजिन असलेली आजची कॉर्व्हेट तीनेक सेकंदांत तिथं पोचते. मग उरलेल्या शंभर किलोमीटरचं करायचं काय? एक तर कायदा मोडायचा, नाहीतर मन मारायचं. पिकअपला हा पेच पडतच नाही. तिच्या शंभराच्या आतल्या अश्वशक्तीला चढावर पुरेपूर राबवावं लागतं. इंजिनाचा सगळा आवाज, गिअरबॉक्सचे सगळे दात आणि एक्सलेटरची सगळी चाल कायद्याच्या चौकटीतच वापरून होते.

पण वेगाचं गणित हा माझा अर्धाच मुद्दा आहे. नाहीतर कुठलीही मरतुकडी गाडी चालली असती. पिकअपचं वेगळेपण तिच्या हौद्यात आहे. ती जवळजवळ अर्धा टन माल वाहण्यासाठी बांधलेली, म्हणून मागच्या ॲक्सलखाली पोलादी पाटे. माल भरला की पाटे दबतात, लवतात आणि आपलं काम करतात. हौदा रिकामा असला की त्यांना दबायला वजनच उरत नाही. अशा वेळी वळणाच्या मध्यावर डांबराचा एखादा उंचवटा आला, तर पाटे तो गिळत नाहीत. अखंड ॲक्सल दोन्ही चाकांसकट उडी मारतो आणि पिकअपचं बूड बाहेरच्या बाजूला बोटभर सरकतं. पाठीच्या कण्याला ते हातांच्या आधी कळतं. आता वळणाच्या तोंडाशी काय घडतं तेही जवळून पाहा. ब्रेक दाबताच पुढचं नाक बसतं, वजन पुढे धावतं आणि आधीच हलकी असलेली मागची बाजू आणखी हलकी होते. ब्रेक न सोडता स्टिअरिंग वळवलं तर पुढच्या टायरना थांबणं आणि वळणं अशी दोन कामं एकदम पडतात, आणि गाडी दोन्ही अर्धवट करत दरीच्या बाजूला रुंद जाते. म्हणून ब्रेक सरळ रस्त्यावरच संपवायचा, इंजिनाचे फेरे जुळवून खालचा गिअर टाकायचा, नाक वर येऊ द्यायचं, मग वळायचं, आणि वळण अर्धं सरलं की हलकेच एक्सलेटर देऊन वजन मागच्या चाकांवर परत बसवायचं. रेसिंग शाळेत पहिल्या दिवशी शिकवतात तो हाच पाठ. आजच्या स्पोर्ट्स कारमध्ये तो मोडला तरी संगणक एखाद्या चाकाला गुपचूप ब्रेक लावून चूक पोटात घालतो. पिकअप चूक पोटात घालत नाही, पण ताशी पन्नासला ती चूक फुटाभराची असते, आणि पुढच्या वळणाआधी ती सुधारून घ्यायला सवड मिळते. बर्फाळ मुलखातले पिकअपवाले हिवाळ्यात मागच्या ॲक्सलवर वाळूची पोती टाकतात. पन्नास किलोची दोन पोती पडली की तीच पिकअप वळणात शांत होते. कुठं किती वजन असलं म्हणजे गाडी कशी वागते, याचा इतका स्वस्त आणि इतका स्पष्ट प्रयोग दुसऱ्या कुठल्या गाडीत करता येत नाही.

रेड बॉक्सवरून एक फाटा माउंट विल्सनच्या वेधशाळेकडे जातो. तिथल्या शंभर इंची दुर्बिणीतून एडविन हबल यांनी आपल्या आकाशगंगेबाहेरच्या आकाशगंगा ओळखल्या. वेगाच्या भक्तांना मात्र त्याच शिखरावरचं आणखी एक काम ठाऊक असायला हवं. १९२६ मध्ये आल्बर्ट मायकेलसन यांनी इथून सुमारे ३५ किलोमीटरवरच्या दुसऱ्या डोंगराकडे प्रकाश पाठवला, फिरत्या आरशांच्या साहाय्यानं तो परत झेलला आणि त्याचा वेग सेकंदाला २,९९,७९६ किलोमीटर काढला. जगातला सगळ्यात मोठा वेग मोजायला या डोंगरात धावाधाव करावी लागली नाही. अंतर नेमकं ठाऊक असणं आणि आरसा नेमका फिरणं पुरलं. चालकाच्या आनंदाचंही तसंच आहे. महत्त्व वेगाच्या आकड्याला नाही, तो ज्या मापानं मोजला जातो त्याला आहे. फाटा सोडून पुढे गेलं की रस्ता चढत चढत डॉसन सॅडल या खिंडीपाशी ७,९०१ फुटांवर, म्हणजे २,४०८ मीटरवर पोचतो. इथं हवा समुद्रसपाटीपेक्षा पाचव्या हिश्शानं विरळ. आधुनिक इंजिनाचा संगणक हे ओळखून पेट्रोल बेतानं सोडतो आणि टर्बो हवेची तूट भरून काढतो. उंचीची खबर चालकापर्यंत येतच नाही. पिकअपच्या कार्ब्युरेटरला हवा विरळ झाल्याचं कळत नाही, तो पेट्रोल आपल्या जुन्याच मापानं ओततो. मिश्रण घट्ट होतं, इंजिन जडावतं, तिसऱ्या गिअरला जमणारा चढ दुसऱ्यावर येतो. अशा वेळी गती ही जपून वापरायची पुंजी होते. मागच्या वळणात तिच्यातली थोडी उधळली, तर पुढचा अख्खा चढ त्याची भरपाई करत बसावं लागतं. डोंगराची उंची पाटीवर वाचण्याआधी उजव्या पायाला कळणं, याला मी प्रवास म्हणतो.

माझ्याच पंथातून पहिला आक्षेप येईल तो असा: हे सगळं ठीक, पण जुन्या पिकअपचं स्टिअरिंग ढिलं असतं. झेडमध्ये रॅक अँड पिनियन, हिच्यात गोळ्यांची पेटी. मधोमध दोन बोटं फिरवलं तरी गाडी ढिम्म. असल्या यंत्राला ‘बोलकं’ म्हणणं म्हणजे दोषाला गुणाची झूल चढवणं. हा आक्षेप निम्मा खरा आहे, आणि तो निम्मा मी मान्य करतो: या स्टिअरिंगमध्ये नेमकेपणा नाही. पण नेमकेपणा आणि बोलकेपणा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजच्या बहुतेक स्पोर्ट्स कारचं विजेच्या मोटरवर चालणारं स्टिअरिंग कमालीचं नेमकं असतं, आणि तरी पुढच्या टायरखाली खडी आहे की गुळगुळीत डांबर, हे हाताला बऱ्याचदा कळू देत नाही. पिकअपचं तळव्याला कमी आणि बुडाला जास्त कळतं. ज्यानं फक्त तळव्यानं गाडी ऐकायची सवय लावून घेतली, त्याला ती मुकी वाटणारच. त्याहून टोकदार आक्षेप पुढे आहे: हलकी, कमी ताकदीची, मागची चाकं ढकलणारी गाडीच हवी, तर मग माझदा मियाटा का नको? १९८९ ची पहिली मियाटा टनाच्या आतबाहेरची, ११६ अश्वशक्तीची, स्टिअरिंग नेमकं, वजन दोन्ही ॲक्सलवर जवळजवळ निम्मं निम्मं. गाडी म्हणून ती कितीतरी सरस आहे, यात वाद नाही. पण मियाटात वजन मुळातच जागच्या जागी असतं, म्हणून ते आहे हे विसरायला होतं. सुरात लागलेल्या तानपुऱ्यासमोर गाणं सोपं जातं. कान तयार होतो तो मात्र उतरलेली तार ओळखताना. पिकअप ही उतरलेली तार आहे. तिच्यावर कायम गायचं नसतं, कान तयार करून घ्यायचे असतात.

सुरक्षेचा आक्षेप याहून गंभीर आहे, आणि तिथं मी वकिली करणार नाही. एअरबॅग नाही, चाकं जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा नाही, आणि ६२० ला १९७८ पर्यंत पुढेही ड्रम ब्रेकच होते. लांब उतारावर ड्रम तापतो, फुगतो आणि आतल्या लायनरपासून दूर सरतो. पॅडल खाली खाली जात राहतं. याला उपाय एकच, आणि तो आपल्या वरंधा किंवा खंबाटकी घाटातल्या कुठल्याही जुन्या एसटी चालकाला पाठ असतो: ज्या गिअरमध्ये चढायचं, त्याच गिअरमध्ये उतरायचं. इंजिनाला गाडी धरू द्यायची आणि ब्रेक वळणापुरता राखायचा. तरीही टक्कर झाली तर जुनं पोलाद आजच्या गाडीइतकं माणसाला वाचवत नाही, हे निखालस खरं आहे. म्हणून माझं म्हणणं रोजच्या वापराबद्दल नाही, मुलाबाळांना घेऊन जाण्याबद्दल तर नाहीच नाही. एवढंच ध्यानात घ्यावं, की या घाटात धोका जितका गाडीच्या वयात असतो तितकाच तो आत्मविश्वास आणि वेग यांच्या फरकातही असतो. जी गाडी ऐंशीलाही शांत राहते ती चालकाला ऐंशीला नेते, आणि कड्याआडच्या दगडाला टायर किती महाग होते याच्याशी देणंघेणं नसतं. पिकअप पंचावन्नलाच कुरकुरते. ती कुरकुर ही एक जुनी, ओबडधोबड सुरक्षा यंत्रणाच म्हणायची. धुराचंही कबूल करायला हवं. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना कॅलिफोर्निया धूर तपासणीतून सूट देते; सूट आहे म्हणून धूर स्वच्छ होत नाही. वर्षातून मोजक्या फेऱ्यांपुरतं हे वाहन, एवढाच त्यावर तोडगा.

शेवटचा आक्षेप गोडव्याचा: हे सगळं जुन्या दिवसांचं कौतुक आहे, आणि कष्टकऱ्याचं अवजार हौशी माणसाच्या हाती देऊन आपण त्याचं खेळणं करतोय. यातल्या पहिल्या भागाला उत्तर सोपं आहे. माझा मुद्दा सालावर टेकलेला नाही, प्रमाणावर टेकलेला आहे. वजन कमी, ताकद बेताची, मागे पाटे आणि रिकामा हौदा हे जिथं एकत्र येतं तिथं तो लागू पडतो: टोयोटाची छोटी पिकअप असो, माझदाची बी मालिका असो, की माझदानंच फोर्डसाठी बनवलेली कुरिअर. दुसऱ्या भागाला उत्तर द्यायचं तर या पिकअप नाहीशा का झाल्या हे पाहावं लागतं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपनं अमेरिकन कोंबडीवर जकात वाढवली. उत्तरादाखल राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी डिसेंबर १९६३ मध्ये बटाट्याचा स्टार्च, डेक्स्ट्रिन, ब्रँडी आणि हलके ट्रक यांच्यावर २५ टक्के कर बसवला. बाकीच्यांवरचा कर कालांतरानं उठला, ट्रकवरचा राहिला. जपानी कंपन्यांनी पळवाट काढली. केबिन आणि सांगाडा वेगळा आणला तर कर चारच टक्के, म्हणून हौदा अमेरिकेत बसवायचा. लाँग बीचला टोयोटाचे हौदे तयार होत ते यासाठीच. १९८० मध्ये ही वाट बुजली, मग कारखानेच अमेरिकेत आले. डॅटसन बनवणाऱ्या निसाननं १९८३ मध्ये टेनेसीतल्या स्मर्ना इथं पिकअप बनवायला सुरुवात केली. पुढे ट्रक घरच्या बाजाराच्या भुकेप्रमाणे वाढत गेले, आणि आज ज्यांना मध्यम म्हणतात त्यांच्या सावलीत ६२० सहज मावेल. छोटी पिकअप माळी आणि रंगाऱ्यांच्या हातून गेली ती प्रामुख्यानं करामुळे आणि बाजारामुळे. घाटातल्या हौशी माणसाकडे तिचा दोष जातो तो फार तर शेवटच्या काही गाड्यांपुरता. एवढं मात्र त्यानं करावं: तिला चकचकीत रंग देऊन काचेआड उभी करू नये. हौद्यावर ओरखडे पडू द्यावेत.

डॉसन सॅडल ओलांडल्यावर रस्ता उतरणीला लागतो. उजवीकडे सान गॅब्रिएलची उंच शिखरं, डावीकडे खाली मोहावीची पिवळट सपाटी. आणि बिग पाइन्सला पोचेपर्यंत आपण सान आंद्रेयास भ्रंशावर येऊन ठेपलेलो असतो. त्याच्या आजूबाजूचं भूकवच दरसाल काही सेंटिमीटर एकमेकांना घासून सरकू पाहतं, आणि वर डांबर अगदी साळसूद पसरलेलं असतं. उतारावर दुसऱ्या गिअरमध्ये घोगरा आवाज काढत जाणाऱ्या पिकअपमधून हा शेवटचा टप्पा संथ वाटतो, पण रिकामा मुळीच नाही. प्रत्येक वळण आधी पाहावं लागतं, ठरवावं लागतं आणि निभावावं लागतं. यावरून स्पोर्ट्स कार विकून पिकअप घ्या असा निष्कर्ष मी काढत नाही. तिच्यासाठी रेसचा ट्रॅक आहे, जिथं तिची सगळी ताकद खर्चता येते आणि समोरून कोणी येत नाही. घाटासाठी मात्र एक साधी शिफारस आहे. ज्याच्या हाती २४०झेड असेल त्यानं आधी हाच रस्ता तिच्या चार सिलिंडरच्या बहिणीतून एकदा जाताना आणि एकदा येताना पुरता चालवावा. जाताना हौदा रिकामा, येताना ॲक्सलवर वाळूची दोन पोती. मग झेडमध्ये बसावं आणि ला कन्याडाच्या पहिल्या वळणावर, ब्रेकवरून पाय उचलायच्या क्षणी, पाठीमागे अजून एक हौदा आहे असं समजून चालवावं. तो तिथं असतोच. फक्त झेडनं त्यावर सुंदर छप्पर घातलेलं आहे.